पुलाचे पैसे

आत्या दादरच्या एका लग्नासाठी कोल्हापूरहून आली होती. ठाण्याहून तिला घेऊन निघालो तेव्हा ऑफिसची गर्दी ऐन भरात होती. मुलुंडच्या आनंदनगर नाक्यापाशी गाडी हळू झाली तशी तिनं कमरेचा बटवा काढला आणि चार घड्या घातलेली पन्नासची नोट पुढं केली. ‘गाडी तुझी, टोल माझा,’ म्हणाली. मी हसून सांगितलं, आता लागत नाही, आपल्यासारख्यांना माफ केलाय. तिनं नोट परत ठेवली नाही. हातातच धरून शेजारच्या रांगेकडं बघत बसली. तिथं कांद्याचा ट्रक उभा होता, वर ताडपत्री आणि मागच्या फळीवर लिंबू-मिरची. त्याचा ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून पावती घेत होता. ‘त्याला न्हाई का माफ?’ ‘मोठ्या गाड्यांना नाही.’ ‘मग आपलं पैसं कोण भरतंय?’ मी म्हटलं, सरकार. ‘आणि सरकारला कोण देतंय?’ तिच्या आवाजात उपहास नव्हता, मंडईत पेंढीचा भाव विचारावा तशी विचारत होती. उत्तर यायच्या आत ती खिडकीला डोकं टेकून झोपलीसुद्धा. घाटकोपरपर्यंत मी मनातल्या मनात तिला उत्तर देत राहिलो आणि एकही उत्तर मला धड पटेना.

आम्हाला माफी मिळाली ती 14 ऑक्टोबर 2024च्या मध्यरात्री. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी असे मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके हलक्या गाड्यांसाठी मोकळे झाले. दुसऱ्याच दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली, हे वेगळं सांगायला नको. कारचे 45 रुपये वाचले. त्याहून मोठं म्हणजे सकाळचा तो धुरकट, हॉर्नचा, सुट्ट्या पैशांचा वैताग संपला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण या नाक्यांवरची वसुली ज्या 55 उड्डाणपुलांच्या नावानं सुरू झाली, ते पूल नव्वदीच्या दशकाच्या शेवटी बांधायला घेतले होते आणि 2010मध्ये पुढच्या सोळा वर्षांच्या वसुलीचा हक्क एका कंपनीला 2,100 कोटी रुपये एकरकमी घेऊन देऊन टाकलेला होता. पैसे आधीच घेऊन झालेले, खर्चही होऊन गेलेले. अशा करारात मधेच कुणाला सूट द्यायची तर तेवढी भरपाई सरकारनं करायची असते. म्हणजे त्या रात्री टोल संपला नाही. तो काचेच्या खिडकीतून उठून अर्थसंकल्पाच्या कुठल्या तरी लेखाशीर्षात जाऊन बसला, आणि कांद्याच्या ट्रकवाल्याचा तर जागचा हलला देखील नाही.

आत्या काही साधीभोळी बाई नाही. कोल्हापूरच्या टोलविरोधी मोर्चात ती पेठेतल्या बायकांबरोबर लाटणं घेऊन चालली होती. ‘मी गेलोतो की बिंदू चौकात,’ असं ती अजून सांगते, आमच्याकडच्या बायका सांगतात तशी, पुल्लिंगी क्रियापदात. 

त्या दिवसांतलं कोल्हापूर मला सुट्टीपुरतंच दिसायचं. शहरातले जवळजवळ पन्नास किलोमीटरचे रस्ते खासगी कंपनीनं बांधायचे, खर्च सुमारे 220 कोटी, आणि त्याबदल्यात शहराच्या वेशीवर नऊ नाके टाकून तीस वर्षं टोल घ्यायचा, असा तो करार. वर एक मोक्याचा भूखंडही नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. रस्ते झाले तेव्हा लोक खूश होते, हे आता कुणी कबूल करत नाही. पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून स्कूटर काढणाऱ्यांना काँक्रीटचा पांढराशुभ्र रस्ता मिळाला होता. रात्री जेवणं आटोपून लोक नव्या रस्त्यावर शतपावलीला यायचे. मग शिरोलीला, कळंब्याला, फुलेवाडीला नाक्यांची छपरं उभी राहिली आणि एकदम सगळ्यांच्या ध्यानात आलं की गंगावेशीत म्हशीचं दूध प्यायला यायचं, बाजारात यायचं, दवाखान्यात यायचं, तर गावाच्या दारात पैसे मोजायचे. हायवेवरचा टोल कोल्हापूरकर मुकाट्यानं भरत होतेच. स्वतःच्या गावात शिरायचे पैसे मात्र त्यांना अपमान वाटले.

शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील तेव्हा ऐंशी ओलांडलेले, कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरेही ऐंशीच्या घरातले. या म्हाताऱ्यांच्या मागं तालमीतली पोरं, रिक्षावाले, व्यापारी, सगळे पक्ष. घोषणा एकच, ‘देणार नाही, देणार नाही, टोल आम्ही देणार नाही.’ जानेवारी 2014मध्ये नाके पेटवले गेले, त्याच्या बातम्या सगळ्या चॅनेलवर झाल्या. मला मात्र त्या आंदोलनातला कंटाळवाणा भाग जास्त महत्त्वाचा वाटत आला आहे. हे लोक टेप घेऊन रस्ता मोजत होते. करारात लिहिलेली गटारं कुठं आहेत, पथदिवे किती लागले, झाडं किती लावली, पन्नास किलोमीटर खरोखर भरतात का, त्या भूखंडाची किंमत हिशेबात धरली का, असले प्रश्न. अखेर कामाचं फेरमूल्यांकन करायला लावलं त्यांनी. 2015च्या डिसेंबरात टोल रद्द झाल्याची घोषणा झाली आणि शहरात साखरपेढे वाटले गेले. कंपनीला भरपाई मिळाली, ती राज्याच्या तिजोरीतून. म्हणजे कोल्हापूरच्या रस्त्यांचे पैसे गडचिरोलीच्या माणसानंही थोडे भरले. ही गोष्ट मी एकदा आत्यापाशी काढली होती तेव्हा ती म्हणाली, ‘मग आम्ही न्हाई का भरत मुंबईच्या मेट्रोचं?’

यावर काय बोलणार.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरून कोल्हापूरला जाताना मला नेहमी उसाची उचल आठवते. उभ्या उसावर पैसे उचलावेत, तोड व्हायच्या आधीच ते लग्नात किंवा ट्रॅक्टरच्या हप्त्यात जावेत, आणि पुढचे हंगाम आलेलं बिल परस्पर कर्जात वळतं व्हावं, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. एक्स्प्रेसवेचं तसंच झालं. नव्वदीच्या दशकात खासगी निविदा साडेतीन हजार कोटींच्या पुढं गेली म्हणून तेव्हाचे बांधकाममंत्री नितीन गडकरी यांनी ती फेटाळली, रस्ते विकास महामंडळ काढून बाजारातून रोख्यांवर पैसा उभा केला आणि तोच रस्ता सोळाशे कोटींच्या आसपास बांधून घेतला. हा किस्सा ते अजूनही भाषणात रंगवून सांगतात आणि तो सांगण्यासारखाच आहे. सरकारला स्वस्तात आणि चांगलं काम जमतं, याचा तो पुरावा होता. पण 2004मध्ये याच रस्त्याची आणि जुन्या हायवेची पंधरा वर्षांची वसुली 918 कोटींना एकरकमी देऊन टाकली. कारण महामंडळावर कर्ज होतं, रोकड हवी होती. ती मुदत संपल्यावर लोकांना वाटलं आता सुटलो. तर पुढच्या दहा वर्षांची उचल 8,262 कोटींची झाली. दर तीन वर्षांनी अठरा टक्के वाढ ठरलेलीच, त्यानुसार एप्रिल 2023मध्ये कारचा टोल 270वरून 320वर गेला. रस्ता कुणी बांधला, पैसे कुणी फेडले, नफा कुणाचा, हे तीन प्रश्न तीन वेगळ्या माणसांना विचारावे लागतात अशी ती गुंतागुंत. उचल घेणारा शेतकरी निदान स्वतःच्या उसावर घेतो.

तरीही खालापूर ओलांडून घाट लागला की मी खिडकी खाली करतो. पावसाळ्यात तिथं ओल्या कातळाचा आणि तापलेल्या ब्रेकचा एकत्र वास येतो. खंडाळ्याजवळ कधी कधी समांतर रेल्वेचा रूळ दिसतो आणि डब्यांच्या दारात लटकलेली माणसं. तो रूळ घातला तेव्हाचा करार आपल्याकडच्या या सगळ्या भागीदाऱ्यांचा मूळपुरुष म्हणावा असा होता. 1849मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या लंडनच्या कंपनीबरोबर ईस्ट इंडिया कंपनीनं करार केला. जमीन फुकट आणि भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी. गाडीला उतारू मिळोत न मिळोत, लंडनच्या भागधारकाला त्याचे पाच टक्के मिळणार, आणि कमी पडतील ते इथल्या महसुलातून, म्हणजे शेतसाऱ्यातून. 1853मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्या दहा वर्षांत बोरघाट फोडून झाला. घाटात साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. हमी असल्यामुळं खर्च आवरायची कुणाला गरजच नव्हती, अशी टीका तेव्हाही झाली. अखेर 1900 साली सरकारनं ती कंपनी विकत घेतली. पण रूळ राहिला. सह्याद्री उतरून देश आणि कोकण जोडणारा तो रूळ नसता तर माझ्या आजोबांना परळच्या गिरणीत नोकरी लागली नसती. अन्यायाच्या करारातून झालेल्या वस्तूचाही लाभ होतो, आणि लाभ झाला म्हणून करार न्याय्य ठरत नाही. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी मनात ठेवता येत नाहीत. घाट चढताना एक असते, उतरताना दुसरी.

आमच्या भागानं आणखी एक वाट काढली होती. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी 1909मध्ये संस्थानच्या पैशातून बांधायला घेतलं. पैसा अपुरा पडला, काम थांबलं आणि ते पूर्ण व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. त्या पाण्यावर ऊस आला आणि ते पाणी उचलून माळावर न्यायला शेतकऱ्यांनी पाणीपुरवठा संस्था काढल्या. आमच्या घरी लोखंडी ट्रंकेत अशा एका संस्थेचा शेअर सर्टिफिकेटचा कागद होता, कडा वाळवीनं कुरतडलेला, खाली सेक्रेटरीची जांभळ्या शाईतली सही. सरकार नाही, कंपनी नाही, आपणच. ऐकायला छान वाटतं. मात्र पाइपलाइनचं कर्ज भूविकास बँकेचं असायचं, कारखान्याच्या कर्जाला सरकारची थकहमी लागायची, आणि हप्ते थकले की ते माफ करायची मागणी घेऊन हेच सभासद तहसील कचेरीवर जायचे. त्यात माझे काका पुढं असायचे.

लंडनची कंपनी असो, सहकारी कारखाना असो की आजची टोलकंपनी, सगळ्यांच्या मागं कुणीतरी हमी घेऊन उभा असतो. खासगी पैसा म्हणतात तोदेखील किती खासगी असतो, हे 2018मध्ये आयएल अँड एफएस कोसळली तेव्हा कळलं. देशभर रस्ते आणि बोगदे उभारणारी ही संस्था, जवळजवळ 91 हजार कोटींचं कर्ज, आणि तिच्या रोख्यांत अडकलेले पैसे कुणाचे, तर कित्येक ठिकाणी नोकरदारांच्या भविष्यनिर्वाह निधीचे. कंपनीनं रस्त्यात घातलेले पैसे बँकेचे, बँकेतले ठेवीदारांचे. आत्याची मुदतठेव राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. तिच्याच पैशातून बांधलेल्या रस्त्यावर तिच्याकडूनच टोल घेतला जात असेल, असं मी तिला सांगितलं तर ती म्हणेल, ‘मग व्याज तरी वाढवा म्हणावं.’

कुणी हमी न मागता, परतावा न मागता पैसे दिल्याचं एक ठळक उदाहरण मुंबईत आहे, आणि त्यावरून मी लहानपणी मामाकडं जाताना बसमधून कितीदा गेलो असेन. माहीमची खाडी पूर्वी होडीतून ओलांडावी लागायची. सरकार पैसे घालायला तयार नव्हतं. तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी पदरचे एक लाख रुपये दिले, काम अर्धवट असताना ते संपले म्हणून आणखी सत्तावन्न हजार दिले आणि 1845मध्ये माहीम कॉजवे खुला झाला. त्यांची अट होती, या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. लेडी जमशेटजी रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल! मला ही गोष्ट कळली तेव्हा अंगावर काटा आला होता. मागून मात्र वाटलं, हे फार नाजूक आहे. शेटाणीबाईंच्या मनात आलं म्हणून पूल झाला. त्यांच्या मनात नसतं आलं तर? आणि तो पैसा ज्या व्यापारातून आला, त्यात चीनला जाणारी अफू होती. धर्मादाय पुलालाही आपली वही असते, फक्त ती आपण उघडत नाही.

आता सगळी हौस मेट्रोची आहे. वर्सोवा-घाटकोपर ही मुंबईतली पहिली मार्गिका भागीदारीत झाली. रिलायन्स इन्फ्राकडे मोठा हिस्सा, एमएमआरडीए या सरकारी विकास प्राधिकरणाकडे 26 टक्के, शिवाय प्रकल्प कंपनीला परवडावा म्हणून सरकारी अनुदान वेगळं. साडेअकरा किलोमीटरला कित्येक वर्षं लागली आणि जून 2014मध्ये गाडी सुरू व्हायच्या वेळी भांडण पेटलं ते तिकिटावरून. सरकार म्हणे नऊ, अकरा, तेरा रुपये. कंपनी म्हणे दहापासून चाळीसपर्यंत. वाढलेला खर्च कुणाचा, यावरची लढाई लवादापर्यंत गेली. मार्च 2024मध्ये सरकारनं कंपनीचा हिस्साच चार हजार कोटींना विकत घ्यायचं ठरवलं आणि जूनमध्ये तो बेत सोडला. या सगळ्या काळात गाडी मात्र रोज धावत होती, खच्चून भरलेली, आणि थंडगार. अंधेरी-कुर्ला रोडवर रिक्षात घामाघूम होऊन तासभर काढलेल्या माणसाला विचारा तिची किंमत. न्हावाशेवाच्या समुद्री पुलासाठी तर 2013मध्ये कंपन्यांना बोलावलं आणि निविदा भरायला एकही आली नाही. मग जपानी कर्ज काढून सरकारनंच तो बांधला. जानेवारी 2024मध्ये तो अटल सेतू खुला झाला तेव्हा कारला एका वेळचे 250 रुपये ठेवले. म्हणजे भागीदार नसला तरी टोल आहेच, आणि जपानचं कर्ज आपली नातवंडं फेडतील ते वेगळंच.

मला टोलचा राग नाही, हे एवढं भटकल्यावर ठामपणे सांगू शकतो. फुकट रस्ता नसतो आणि जो रस्ता वापरतो त्यानं थोडं जास्त द्यावं यात चूक नाही. राग येतो तो न दाखवलेल्या हिशेबाचा. नाक्यावरच्या त्या बोर्डावर प्रकल्पाची किंमत, आजवर जमा झालेली रक्कम, शिल्लक असं लिहिलेलं असावं अशी अपेक्षा असते. मी कधी कधी गाडी हळू करून ते वाचायचा प्रयत्न करायचो. अक्षरं वाळूच्या दाण्याएवढी, एखादा आकडा पुसट, नाहीतर वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. आता फास्टॅग आला. गाडी थांबत नाही, पैसे आपोआप जातात आणि दीड मिनिटानं मोबाइलवर मेसेज येतो, जो मी न वाचताच सरकवतो. सुट्ट्या पैशांच्या काळात निदान रोज एकदा मनात यायचं की हे किती दिवस चालणार. गैरसोयीतून का होईना, तो प्रश्न जिवंत राहायचा. माफीनं आणि फास्टॅगनं दोन बाजूंनी तो घालवला. वही उघडा म्हणणारे टेपवाले म्हातारे कोल्हापूरला मिळाले, प्रत्येक शहराला मिळतील असं नाही. पानसरे तर 2015च्या फेब्रुवारीत गोळ्या घालून मारले गेले, टोल रद्द झालेला त्यांना बघायलाही मिळाला नाही.

आत्याचा नातू हिंजवडीत नोकरी करतो. तिथली माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोही भागीदारीतलीच. टाटा आणि सीमेन्सची जोडी, तेवीस किलोमीटर, पस्तीस वर्षांचा करार, पायाभरणी डिसेंबर 2018ची. गणेशखिंड रस्त्यावर पत्रे लागलेले असताना त्यानं नोकरी धरली, पत्र्यांच्या कडेनं बाइक घालत लग्नही केलं. मागं भेटला तेव्हा मी मोठ्या उत्साहानं त्याला समजावत होतो, की केंद्र किती देतं, राज्य किती, पस्तीस वर्षांनी ती कुणाची होणार, मुंबईत भाड्यावरून काय रामायण झालं. तो मान हलवत ऐकत होता. एकीकडं हेल्मेटच्या काचेवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसत होता.

‘मामा, पस्तीस वर्षांनी मी रिटायर झालेला असेन,’ तो म्हणाला. ‘तिकीट किती असेल, तेवढं लिहिलंय का तुमच्या करारात?’

भाडं ठरवण्याची पद्धत लिहिलेली असते, आकडा पुढं ठरतो, असं मी म्हणालो.

‘कोण ठरवणार?’